घराची वाढती किंमत आणि घरपट्टी

दौंड-मनमाड लोहमार्गावर बेलापूर नांवाचें एक स्टेशन आहे. परंतु या स्टेशनावर उतरणारा नवखा मनुष्य बेलापुरांत उतरत नाहीं. तो उतरतो श्रीरामपुरांत. खरें बेलापूर तेथून कांहीं मैलांवर, प्रवरेच्या कांठीं आहे. (नव्या मुंबईंत याच नांवाची जी गजबजलेली वस्ती आहे तिचा याच्याशीं कांहीं संबंध नाहीं, हें आधींच सांगून टाकलेलें बरें.) १८७८ सालीं हा लोहमार्ग सुरू झाला तेव्हां राहुरी तालुक्यांतील हें जुनें गांव जवळ होतें, म्हणून माळावरच्या स्टेशनाला त्याचें नांव मिळालें, स्टेशनाभोवतीं जी वस्ती वाढली तिला लोक बेलापूर रोड म्हणूं लागले. पुढें त्या वस्तीचें श्रीरामपूर झालें, स्वातंत्र्यानंतर तेथें स्वतंत्र तालुका आला, आणि ज्या गांवाच्या नांवानें हा सारा प्रपंच सुरू झाला तें गांव त्या तालुक्यांतील एका ग्रामपंचायतीचें गांव होऊन राहिलें.

घराच्या किंमतीचा विचार करण्यास याहून सोयीचें ठिकाण सहसा सांपडणार नाहीं. कारण घराची किंमत घरांत राहणारा ठरवीत नाहीं, ही गोष्ट येथें डोळ्यांस दिसते. बेलापुरांतल्या एखाद्या वाड्याचे खांब सागाचे असतील, जोतें घडीव दगडाचें असेल, चौक प्रशस्त असेल. परंतु आगगाडी ज्या बाजूस थांबली त्या बाजूच्या चार भिंतींस आणि पत्र्यास त्या वाड्याहून अधिक मोल आलें. माळरानाच्या मालकानें यासाठीं हाताचें बोटहि हलविलें नव्हतें, आणि वाड्याच्या मालकाचाहि कांहीं अपराध नव्हता.

आगगाडीमागून पाणी आलें. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण बांधण्यास १९१० सालीं आरंभ झाला व १९२६ सालीं तें पुरें झालें. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास देण्यांत आलें. प्रवरेच्या कालव्यांनीं हा कोरडा मुलूख उसाचा केला. पाण्याची चाहूल लागतांच भांडवलहि आलें: बेलापूर कंपनीनें हरेगांवीं साखरेचा कारखाना काढला, तिच्यामागून टिळकनगरचा कारखाना उभा राहिला, आणि १९५० सालीं प्रवरेच्याच पाण्यावर लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें सहकारी साखर कारखान्याचें धुराडें पेटलें. प्रत्येक वेळीं जमिनीची व घराची किंमत चढली, आणि प्रत्येक वेळीं तिच्यामागोमाग कर वसूल करणारा आला. आपल्या घराची किंमत वाढली म्हणून घरधन्यानें आनंद मानावा, कीं घरपट्टीचें बिल पाहून कपाळास हात लावावा? हा प्रश्न आज शहरांत राहणाऱ्या प्रत्येक घरीं निघतो. परंतु तो आजचा नाहीं. दक्षिणेंतील शेतकऱ्यानें तो दीडशें वर्षांपूर्वीं सोसला आहे. त्या वेळीं तो घराविषयीं नसून जमिनीविषयीं होता, इतकाच काय तो भेद.

इंग्रजी अंमलांतील मुंबई इलाख्याची जमीनपाहणी १८३६ सालीं इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या तीन अधिकाऱ्यांनीं १८४७ सालीं जो संयुक्त अहवाल लिहिला, त्यांत या पद्धतीचीं तत्त्वें एकत्र आलीं. सारा तीस वर्षें बदलावयाचा नाहीं. आणि शेतकऱ्यानें स्वतःच्या पैशानें विहीर खोदली, बांध घातला, जमीन सुधारली, तर त्या सुधारणेवर सारा चढवावयाचा नाहीं. हें दुसरें तत्त्व विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. किंमत दोन कारणांनीं वाढते. एक मालकाच्या घामानें, दुसरें भोंवतालच्या जगानें. पहिलीवर कर बसवूं नये, दुसरीवर बसवावा, हा विवेक त्या अहवालांत होता. हेन्री जॉर्ज या अमेरिकन लेखकानें 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा ग्रंथ लिहून हीच गोष्ट साऱ्या जगापुढें मांडली ती १८७९ सालीं, म्हणजे बत्तीस वर्षांनंतर.

तत्त्व चांगलें होतें. अंमल मात्र बाजारभावाच्या लाटेवर बसला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस विलायतेस जाईना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. लोहमार्गाच्या बांधकामामुळें मजुरीचा पैसा खेड्यांत खेळूं लागला. जमिनीस गिऱ्हाइकें मिळूं लागलीं. नेमकीं याच सुमारास इंदापुराचीं तीस वर्षें संपलीं, आणि १८६७ पासून फेरपाहणीचें काम सुरू झालें. अधिकाऱ्यांनीं भोंवतीं पाहिलें, भाव चढलेले दिसले, जमिनीची किंमत वाढलेली दिसली. कित्येक तालुक्यांत सारा एकदम निम्म्यानें व त्याहूनहि अधिक वाढविण्यांत आला. युद्ध तर केव्हांच संपलें होतें. कापसाचा भाव उतरला, मजुरी थांबली, आणि वाढलेला सारा तेवढा मागें राहिला.

या प्रकरणांत एक गोष्ट अशी आहे कीं जी घराच्या किंमतीनें हुरळून जाणाऱ्या मनुष्यानें दोनदां वाचावी. पाहणीमुळें जमिनीचा हक्क निश्चित झाला, विकतां येणारा झाला, आणि तिला बाजारांत किंमत आली. किंमत आली तशी पतहि आली. पूर्वीं सावकार शेतकऱ्यास जेवढें कर्ज देई, त्याहून कितीतरी अधिक देऊं लागला. कारण तारण म्हणून आतां जमीन होती. शेतकऱ्यानें घेतलें. लग्नें झालीं, बैल आले, जुनीं देणीं नव्या कागदावर चढलीं. भाव उतरले तेव्हां जमिनीची किंमत उतरली, पण कर्जाचा आंकडा उतरला नाहीं. वाढत्या किंमतीचा जो एकच उपयोग शेतकऱ्यास जमीन न विकतां करतां आला, तोच त्याच्या गळ्यास फांस झाला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोकांनीं सावकारांचे कागद जाळले, आणि तो वणवा पाहतां पाहतां नगर जिल्ह्यांतहि पसरला. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० सालीं निघाली होती. तिनें वाढीव साऱ्याविरुद्ध खेड्यापाड्यांतून माहिती गोळा करून आवाज उठविला होता. दंग्यानंतर चौकशीचें कमिशन बसलें, व १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

परंतु दंग्याच्या आधींच, १८७४ सालीं, मुंबई सरकारनें एक नियम केला होता. फेरपाहणींत एका तालुक्याचा सारा शेंकडा ३३ हून अधिक वाढूं नये, एका गांवाचा शेंकडा ६६ हून अधिक वाढूं नये, आणि एका खातेदाराचा दुपटीहून अधिक होऊं नये. जमिनीची किंमत चौपट झाली असली तरी कर एका उडींत चौपट करावयाचा नाहीं, ही मर्यादा आली ती या मुलखांतल्या अनुभवांतून. शंभराहून अधिक वर्षांनीं कॅलिफोर्नियांतील घरमालकांनीं जी मर्यादा मतपेटींतून मिळविली, तिची ही थोरली बहीण म्हणावयास हरकत नाहीं.

बारडोलीचें नांव सर्वांस ठाऊक आहे. पण बारडोलीचा वाद मुळांत कशाचा होता हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. तेथेंहि मुद्दा हाच होता. लोहमार्ग झाला, कापसाचे भाव चढले, जमिनी अधिक किंमतीस विकल्या व अधिक खंडानें दिल्या जाऊं लागल्या. म्हणून सारा वाढवावा, असें मुलकी अधिकाऱ्यांचें म्हणणें होतें. सरकारनें वाढ शेंकडा २२ ठरविली. जे थोडे खंडाचे व विक्रीचे व्यवहार कागदावर आहेत, त्यांवरून जो स्वतः जमीन कसतो, जी त्यानें विकलीहि नाहीं व खंडानें दिलीहि नाहीं, अशा शेतकऱ्याची मिळकत कशी ठरवितां, हा शेतकऱ्यांच्या बाजूचा सवाल होता. १९२८ च्या सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनीं गांवोगांव फिरून चौकशी केली आणि वाढ शेंकडा सहाच्या आसपास आणून ठेवली. शेजाऱ्यानें आपलें शेत विकलें, म्हणून माझ्या शेताचें पीक वाढत नाहीं. या साध्या बोलण्यास अखेर सरकारी कागदावर जागा मिळाली.

आतां घराकडे वळूं. घरावरच्या कराविरुद्ध हिंदुस्थानांत सर्वांत गाजलेली तक्रार काशीची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनें १८१० सालीं घराच्या भाड्यावर कर बसविला. त्या वर्षाच्या अखेरीस काशींतील लोकांनीं दुकानें बंद केलीं, कामें टाकलीं आणि हजारोंनीं घराबाहेर मोकळ्या जागेंत येऊन बसले. अनेक घरमालकांना घराची डागडुजी करण्याचें सामर्थ्यहि नाहीं, मग हा कर ते कोठून देणार, अशी त्यांच्या अर्जांत एक तक्रार होती. सरकारला तो कर शेवटीं मागें घ्यावा लागला. येथें घराची किंमत वाढल्याचा प्रश्न नव्हता, हें खरें. परंतु घर आहे म्हणजे पैसा आहे, ही जी समजूत सर्व करांच्या मुळाशीं असते, तिला काशीकरांनीं दिलेलें उत्तर अजून जुनें झालेलें नाहीं.

मुंबई इलाख्यांतील म्युनिसिपालिट्या निघाल्या त्या बहुधा जकातीवर जगल्या. नगरची म्युनिसिपालिटी १८५४ ची. जकात नाक्यावर घेतली जाते. ती मालाच्या भावांत मिसळून जाते व देणाऱ्यास दिसत नाहीं. घरपट्टी मात्र नांवानिशीं कागदावर येते. त्यामुळें निवडून आलेल्या सभासदांस जकात प्रिय व घरपट्टी अप्रिय, असा प्रकार दीर्घकाळ चालला. हें येथें सांगण्याचें कारण असें कीं, महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात १९९९ सालीं बंद झाली आणि मुंबईची २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आल्यावर गेली. सरकार तिच्याबद्दल भरपाई देतें. परंतु नगरसंस्थेस स्वतःच्या हातानें वाढवितां येण्यासारखें मोठें साधन आतां घर हेंच राहिलें आहे.

घरपट्टी ठरविण्याची जुनी रीत भाड्याची. १८८८ च्या मुंबईच्या कायद्याप्रमाणें, घर भाड्यानें दिलें तर वर्षास वाजवी काय येईल तें पाहावयाचें, दुरुस्तीसाठीं त्यांतून दहावा हिस्सा वजा करावयाचा, आणि उरेल त्यावर कर घ्यावयाचा. मालक स्वतः राहात असला तरी तो जणूं काय स्वतःलाच भाडें देतो असें धरावयाचें. कल्पना विचित्र वाटते, पण तिच्यांत एक शहाणपण होतें. भाडें हें घराच्या आजच्या उपयोगाचें माप आहे. विक्रीची किंमत ही उद्यांच्या आशेचें माप आहे. आशेवर कर बसत नव्हता.

पुढें १९४७ चा भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि जुन्या घरांचें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशीं बांधलें गेलें. मग न्यायालयांनींहि ओळीनें निर्णय दिले कीं, कायद्यानें जेवढें भाडें घेतां येतें त्याहून अधिक भाडें धरून कर आकारतां येणार नाहीं. परिणाम असा झाला कीं, गिरगांवांतील चाळीची जमीन सोन्याच्या मोलाची झाली, परंतु तिचा कर जुन्या भाड्याच्या मापानें राहिला. आणि उपनगरांत नुकत्याच बांधलेल्या लहान घराचा मालक त्या मानानें कितीतरी अधिक देऊं लागला. जुन्यास सवलत आणि नव्यावर भार, हा अन्याय कोणी ठरवून केला नव्हता. तो कायद्याच्या दोन पानांच्या मधल्या फटींतून आला.

ही विषमता मोडण्यासाठीं मुंबईनें १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत घेतली. आतां भाडें पाहावयाचें नाहीं; मुद्रांक खात्याचा दरतक्ता पाहावयाचा, त्यांतील दरास घराच्या क्षेत्रफळानें गुणावयाचें, बांधकामाचा प्रकार, वय व उपयोग यांप्रमाणें त्यांत कमीअधिक करावयाचें. एका झटक्यांत कर फार वाढूं नये म्हणून राहत्या घरास दुपटीची मर्यादा घातली गेली. १८७४ चा नियम तेथें पुन्हां डोकावतो. पुढें पांचशें चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांचा कर २०२२ च्या आरंभापासून माफ झाला. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें एक महत्त्वाचा निर्णय कायम केला. एखाद्या जमिनीवर पुढें किती मजले बांधतां येतील, ही शक्यता मूल्यांत धरून कर घेण्याचे जे नियम पालिकेनें केले होते, ते मुंबई उच्च न्यायालयानें २०१९ सालीं रद्द ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयानें तें मान्य केलें. घर जसें आहे तसें त्यावर कर घ्या, जसें होईल तसें धरून नव्हे.

बेलापुरासारख्या गांवांतहि ही पद्धत पोंचली आहे. १९५८ च्या कायद्याप्रमाणें ग्रामपंचायतीस घरें व जागा यांवर कर बसवितां येतो. त्याची आकारणी मध्यंतरीं क्षेत्रफळावर चाले; ती न्यायालयांत टिकली नाहीं, आणि २०१५ च्या अखेरीस नियम बदलून तेथेंहि भांडवली मूल्य आलें. दर हजार रुपयांच्या मूल्यामागें कांहीं पैसे, असा हा दर असतो. मातीच्या घरास कमी, विटांच्यास अधिक, सिमेंट-काँक्रीटच्या घरास सर्वांत अधिक. येथें एक अडचण दिसते. गळकें माळवद काढून ज्यानें कर्जानें स्लॅब टाकला, त्याचा दरहि वाढला आणि मूल्यहि वाढलें. शेजारची जागा ओसाड ठेवून श्रीरामपूरची वस्ती आपल्या बाजूस सरकण्याची जो वाट पाहतो, त्यास मात्र बांधकामावर कांहींच द्यावें लागलें नाहीं. विहीर खोदणाऱ्यास अभय देणाऱ्या १८४७ च्या अहवालाशीं हें ताडून पाहावें. मोकळ्या जागेवर कर नाहीं असें नाहीं. परंतु स्वतःच्या कष्टानें वाढलेली किंमत आणि बसल्या जागीं वाढलेली किंमत यांतला भेद जुन्या मुलकी अधिकाऱ्यांस जितका स्पष्ट दिसला होता तितका आजच्या घरपट्टींत दिसत नाहीं.

आतां मुख्य प्रश्नाचा थोडा हिशेब केला पाहिजे. कारण या विषयांत पुष्कळसा राग हिशेबाच्या अभावीं येतो. समजा, एका गांवांत एक हजार घरें आहेत व प्रत्येकाची किंमत पांच लाख रुपये आहे. गांवाची सर्व मिळून किंमत पन्नास कोटी. पंचायतीस वर्षास पांच लाख रुपये हवे आहेत. म्हणजे हजारामागें एक रुपया, आणि प्रत्येक घरास ५०० रुपये. पुढच्या वर्षीं सर्व घरांची किंमत दुप्पट झाली आणि पंचायतीची गरज तेवढीच राहिली, तर दर हजारामागें पन्नास पैसे पुरतो व प्रत्येक घराचे ५०० रुपयेच राहतात. किंमत वाढली, कर वाढला नाहीं. परंतु समजा, निम्मींच घरें सडकेच्या बाजूचीं असून त्यांचीच किंमत दुप्पट झाली. मग गांवाची किंमत पंचाहत्तर कोटी होते. सडकेच्या घरास ६६६ रुपये ६६ पैसे येतात आणि आंतल्या घराचे ३३३ रुपये ३३ पैसे होतात. कर वाढतो तो किंमत वाढल्यामुळें नव्हे. शेजाऱ्याहून आपली किंमत अधिक वाढल्यामुळें. हें झालें दर खालीं येऊं दिला तर. दर जागच्या जागीं ठेवून नुसतें मूल्य वाढविलें, तर सर्वांचाच कर वाढतो, आणि तो वाढविल्याबद्दल कोणासहि सभेंत हात वर करावा लागत नाहीं. आपल्याकडे बहुधा हा दुसरा प्रकार घडतो. दरतक्ता मुद्रांक खातें बदलतें, बिल पंचायत पाठविते, आणि घरधनी कोणाशीं भांडावें या विचारांत पडतो.

मग नफा किती व तोटा किती? वरच्याच उदाहरणांत घराची किंमत पांच लाखांनीं वाढली आणि हजारीं एक रुपया हाच दर राहिला, तर वर्षास ५०० रुपये अधिक द्यावे लागतील. पांच लाखांपुढें ही रक्कम क्षुल्लक आहे. आपल्याकडील घरपट्टी इतकी जड नाहीं कीं ती वाढलेलें मूल्य गिळून टाकील. अमेरिकेंत कित्येक ठिकाणीं वर्षाचा कर घराच्या किंमतीच्या शेंकडा एक ते दोन असतो. तेथें दहा लाखांच्या घरास दहा ते वीस हजार दरवर्षीं. तेथील म्हाताऱ्या मनुष्यास केवळ करापायीं घर सोडावें लागण्याची भीति खरी असते. म्हणूनच ६ जून १९७८ रोजीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं आपल्या राज्यघटनेंत दुरुस्ती केली. घराचें मूल्य १९७५-७६ च्या आंकड्यावर आणलें, कर शेंकडा एकावर बांधला, आणि घर विकलें जाईपर्यंत तें मूल्य वर्षास शेंकडा दोनहून अधिक वाढवावयाचें नाहीं असें ठरलें. स्थानिक संस्थांचें या करापासूनचें उत्पन्न एका वर्षांत निम्म्याहून खालीं गेलें. आणि गिरगांवचाच प्रकार तेथें झाला: एकाच गल्लींत, एकाच आकाराचीं दोन घरें, जुना मालक थोडें देतो आणि नवा अनेक पटींनीं अधिक. इंग्लंडनें तर प्रश्नच टाळला. तेथील कौन्सिल टॅक्स १९९३ सालीं सुरू झाला, आणि घरांचे जे वर्ग पाडले ते १ एप्रिल १९९१ च्या किंमतीवर. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तेथें फेरमूल्यांकन करण्याचें धैर्य कोणत्याहि सरकारास झालेलें नाहीं.

आपल्याकडे तोटा मूल्याचा नसतो, रोकडीचा असतो. वाढलेली किंमत भिंतींत असते. घरपट्टी डब्यांतून काढून द्यावी लागते. बेलापुरांतील जुन्या वाड्यांत एखादी वृद्ध विधवा एकटी राहात असेल, तर तिच्या घराची किंमत दुप्पट झाली म्हणून तिच्या डाळींत डाळ पडत नाहीं. ती घर विकील तर पैसे मिळतील. पण विकून जाईल कोठें? श्रीरामपुरांत घर घ्यावें तर तेथील किंमत तिच्याआधींच चढलेली. किंमत वाढल्याचा निखळ लाभ त्यास होतो जो महाग गांव सोडून स्वस्त गांवीं जातो. मुंबईचें घर विकून जो गांवाकडे परततो त्यास. त्याच्याखालोखाल लाभ वारसांचा. ते पुण्याला किंवा मुंबईला असतात, वाड्याच्या सातव्या हिश्श्याचे धनी असतात, आणि घरपट्टी मात्र जी राहते ती भरते. तिसरा लाभ कर्ज काढणाऱ्याचा. त्याची गोष्ट सुप्याच्या प्रकरणांत येऊन गेली.

पुण्याच्या महापालिकेनें या अडचणीवर १९७० पासून एक तोड काढली होती. मालक स्वतः राहात असेल तर त्यास करांत शेंकडा ४० सूट. राहणारा आणि भाडें खाणारा यांत तिनें भेद केला. ही सूट मध्यंतरीं सरकारी आक्षेपामुळें बंद पडली, मागील बाकीच्या नोटिसा घरोघर गेल्या, आणि २०२३ सालीं ती पुन्हां देण्यांत आली. ज्यांनीं ती चालू ठेवण्याचा आग्रह धरला, त्यांत घर विकण्याचा विचारहि ज्यांच्या मनांत नाहीं असेच लोक अधिक असणार, हें सांगावयास नको. दुसरीहि एक तोड सुचविण्यासारखी आहे. ज्याचें उत्पन्न थोडें, त्याचा वाढीव कर त्याच्या नांवें लिहून ठेवावा आणि घर विकलें जाईल किंवा वारसांच्या नांवें चढेल त्या वेळीं वसूल करावा. किंमतीचा पैसा जेव्हां खरोखर हातांत येतो तेव्हां कर घ्यावा, हें न्यायास धरून आहे. वारसांना तें कितपत रुचेल हा प्रश्न वेगळा.

तथापि कराच्या बाजूनेंहि एक गोष्ट बोलली पाहिजे. बेलापूरच्या परिसरांत जमिनीस मोल आलें तें कोणाच्या पैशानें? भंडारदऱ्याचें धरण सरकारी पैशानें झालें, लोहमार्ग सरकारी पैशानें झाला. नळ, दिवा, गटार व सडक हीं गांवांत येतात तेव्हां घराची किंमत चढते, आणि हीं येतात करांतून. जो कर सडकेंत उतरतो तो घराच्या किंमतीस पुन्हां येऊन मिळतो. जो कचेरीच्या खर्चांतच जिरतो तो मिळत नाहीं. ग्रामसभेंत घरपट्टीवर जेव्हां ओरड होते तेव्हां दराहून याच गोष्टीची चौकशी आधीं व्हावयास हवी.

आणि किंमत वाढूनहि ती धन्याच्या हातीं कशी लागत नाहीं, याचें उदाहरण शोधण्यास या तालुक्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. कालवे आले तेव्हां साखर कंपन्यांनीं आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडानें घेतल्या. कोरड्या जमिनीच्या मानानें ठरलेला तो खंड होता. पाणी आल्यावर त्याच जमिनीवर ऊस उभा राहिला. जमिनीचें नांव शेतकऱ्याचें, मोल दुसऱ्याचें. १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा झाला, कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या, आणि १९६३ सालीं निघालेल्या शेती महामंडळाकडे त्या कसण्यास गेल्या; मूळ धन्याकडे आल्या नाहींत. या लोकांस खंडकरी म्हणतात. मोर्चे, अर्ज आणि कोर्टकचेऱ्या यांत दोन पिढ्या गेल्या. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत जमिनी परत मिळूं लागल्या, तेव्हां ज्यांनीं खंडाच्या कागदावर अंगठे उठविले होते त्यांचे नातू त्या घेण्यास उभे होते.